कुणी विकतसुद्धा न घेतलेली साठच्या दशकातली इंग्रजी गाणी एवढी का ओढायलीत?

जिनिंगवाला_परभणी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा येडपट वाटंल पण विचारतोच. मी परभणीकडं एका जिनिंगमधे हिशोबाला आहे, सीझनला कापसाच्या गाड्या रात्री उशिरापर्यंत काट्यावर उभ्या असतात, जागं राहायला कानात काहीतरी लागतं. तर असंच काहीबाही लावता लावता मला साठच्या दशकातल्या इंग्रजी गाण्यांच्या कंपायलेशनचा नाद लागलाय. बीटल्स, स्टोन्स असले नाही. ज्यांनी दोन-तीन सिंगल (एक-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड) काढले, कुणी घेतले नाहीत आणि बँड फुटला, पोरं नोकरीला लागली, अशा बँडची गाणी कुणीतरी शोधून शोधून एकत्र केलेली असतात ते. हार्पसीकॉर्ड (पियानोसारखं जुनं तारांचं वाद्य), व्हायोलिन, बासरी, आणि मागं चार-पाच जण मिळून बा-बा-बा करायलेत. सॉफ्ट सायकेडेलिक म्हणतात, बरोक पॉप म्हणतात, सनशाईन पॉप म्हणतात, नावं पन्नास.

शब्द मला निम्मे कळत नाहीत खरं सांगायचं तर. पाऊस, सर्कस, कुठली तरी मावशी, खिडकीतली पोरगी, असं काही असतं. तरी एक गाणं संपलं की पुढचं लागतंच. आमचा काट्यावरचा मित्र म्हणतो तुला गाणी आवडत नाहीत, 'हे फक्त मलाच माहितीय' हे आवडतं. ते लई लागलं मला. म्हणून विचारायलोय की ह्या गाण्यांत खरंच काही आहे का नुसतं दुर्मिळ आहे म्हणून भारी वाटायलंय? आणि दुसरं, ह्या सिरीजचे वीस वीस भाग आहेत, सगळे ऐकायचे का कुठं थांबायचं?

गुलमंडीचे_काका

अरे बाबा येडपट काय त्यात, मी बँकेतून रिटायर झालो तरी हाच उद्योग करतोय. छत्रपती संभाजीनगरात हे ऐकणारी माणसं बोटावर मोजण्याएवढी, त्यामुळे तुझं वाचून बरं वाटलं.

तुला शब्द कळत नाहीत तरी गाणं का भिडतं ह्याचं माझ्यापुरतं उत्तर सांगतो. आपले कान ह्या गाण्यांसाठी आधीच तयार झालेले आहेत आणि ते तयार केले हिंदी सिनेमाने. शंकर-जयकिशनची गाणी आठव. लता एक ओळ गाते आणि तिच्या मागे व्हायोलिनचा ताफा स्वतःचीच वेगळी चाल वाजवत जातो, गाण्याला आडवा न जाता. ते काम सेबॅस्टियन डिसूझा ह्या गोव्याच्या अरेंजरचं. अँथनी गोन्साल्विस, तेही गोव्याचेच, त्यांनी तर १९५८ मधे मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. चर्चमधे पाश्चात्य संगीत वाचायला शिकलेली ही माणसं, त्यांनी आपल्या चालींना ते कपडे घातले. आता लंडन-लॉस एंजेलिसला १९६६-६७ मधे काय झालं, तर गिटार-ड्रमवाल्या पोरांच्या मागे तसलाच ताफा येऊन बसला. मुख्य चाल साधी, मागे मात्र ओबो, चेलो, फ्रेंच हॉर्न आपापलं बोलतायत. आपल्याला ते परकं वाटणारच नाही! उलट माझ्या ओळखीत कट्टर रॉक ऐकणारे आहेत त्यांना हे फार गोडमिट्ट वाटतं, त्यांचं सगळं लक्ष गिटारकडे. सलील चौधरींनी १९६१ च्या 'छाया' मधे मोझार्टची ४० वी सिंफनी उचलून 'इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा' केलंच होतं की. म्हणजे बरोक पॉप आपल्याकडे पाच वर्षं आधी आलं म्हण.

आणि हा ताफा आला कसा ते पण बघण्यासारखं आहे. बीटल्सच्या १९६५ च्या 'इन माय लाईफ' मधे मधेच जे हार्पसीकॉर्ड वाजतं ना, ते हार्पसीकॉर्ड नाहीच. जॉर्ज मार्टिनने टेप अर्ध्या वेगात ठेवून पियानो वाजवला आणि मग पूर्ण वेगात लावला, म्हणून तो तसा टणटण ऐकू येतो. पुढच्या वर्षी 'एलिनॉर रिग्बी'त एकही गिटार नाही, ड्रम नाही, आठ जणांचा तंतुवाद्यांचा ताफा बस. तिकडे अमेरिकेत बीच बॉईजचं 'पेट साउंड्स', तेही १९६६. हे बघून प्रत्येक रेकॉर्ड कंपनीला वाटलं आपल्याकडच्या पोरांनाही व्हायोलिनं द्या, कोण जाणे उद्याचे बीटल्स हेच निघतील. लहानसहान गावातनं आलेल्या, कालपर्यंत शाळेच्या गॅदरिंगला वाजवणाऱ्या पोरांना शहरातले एक नंबरचे स्टुडिओ वादक मिळाले. लॉस एंजेलिसला तर ड्रमवाला हॅल ब्लेन वगैरे तीच ठरलेली मंडळी सकाळी एका बँडसाठी, दुपारी दुसऱ्यासाठी वाजवायची, जसं आपल्याकडे मुंबईत चालायचं. म्हणून ह्या फ्लॉप गाण्यांत वाजवणं कुठे कच्चं नसतं. पैसा आणि मेहनत हिटची, नशीब फ्लॉपचं. तुला जे ओढतंय ते हे असावं असं मला वाटतं. गाणारा जीव तोडून गातोय, त्याला ठाम वाटतंय पुढच्या महिन्यात आपण रेडिओवर असणार.

रेडिओवरून आठवलं. बीबीसी त्या काळी पॉपच्या रेकॉर्ड फार कमी वाजवायची, दिवसाचे ठराविक तास, त्यापुढे वादकांच्या युनियनचं आणि रेकॉर्ड कंपन्यांचं बंधन. मग लोकांनी किनाऱ्यापासून लांब समुद्रात जहाजं उभी करून रेडिओ चालवला, कॅरोलाईन, लंडन अशी नावं. ऑगस्ट १९६७ मधे कायदा करून त्यातले बहुतेक बंद पाडले आणि ३० सप्टेंबरला बीबीसीने स्वतःचं रेडिओ वन सुरू केलं. आपल्याकडे केसकर माहिती-प्रसारण मंत्री असताना १९५२ मधे आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी गेली, सगळा देश रेडिओ सिलोनकडे वळला, आणि १९५७ मधे विविध भारती काढावी लागली. तोच खेळ! माझे वडील सिलोनसाठी अँटेनाची तार गच्चीवर ह्या टोकाहून त्या टोकाला ओढायचे, पण ते जाऊ दे, विषय भरकटतोय.

उदगीरचा_खडूस

काका लिहिता भारी पण मी जरा वाकडं बोलणार.

दुर्मिळ म्हणजे चांगलं हे कुठनं काढलं? ह्या प्रकारातली खरंच एक नंबर गाणी हिट झालती. लेफ्ट बँक चं 'वॉक अवे रने' अमेरिकेत पाचव्या नंबरला गेलतं १९६६ ला. असोसिएशन चं 'नेव्हर माय लव्ह' दुसऱ्या नंबरला, आणि गाणी वाजल्याचे पैसे गोळा करणाऱ्या त्या बीएमआय संस्थेनं शतक संपताना यादी काढली त्यात विसाव्या शतकात सगळ्यात जास्त वाजलेल्या गाण्यांत ते दुसरं. दुसरं!! ह्याला दुर्मिळ म्हणता काय. म्हणजे चांगला माल आधीच उचलला गेला, कंपायलेशनवाले खाली सांडलेलं वेचायलेत आणि कव्हरवर फुलं-फुलपाखरं छापून विकायलेत. वीस भागांच्या सिरीजमधे धड गाणी किती निघतील, निम्म्यात तोच टणटण, तीच 'गुलाबी ढगांवर चल' टाईपची बात. ओरिजिनल सिंगल शेकड्यात पौंडाला जातो कारण छापलेच थोडे, गाणं चांगलं म्हणून नाही. जुन्या नोटा जमवणारे आणि हे सारखेच.

परभणीकर तुमचा मित्र बरोबर बोलला बगा.

जालन्याची_मोसंबी

@खडूस दादा अर्धं पटतं, अर्धं नाही. मी मूळची जालन्याची, सध्या पुण्यात नोकरी, आणि माझी सुरुवात झाली ती ह्या सगळ्याच्या आजोबा कंपायलेशनपासून, 'नगेट्स', १९७२, इलेक्ट्रा कंपनी, दोन एलपी, २७ गाणी. निवडली लेनी के नी, जो पुढे पॅटी स्मिथचा गिटारिस्ट झाला. आता गंमत अशी की त्यात सगळीच फ्लॉप नव्हती, काउंट फाइव्हचं 'सायकॉटिक रिअॅक्शन' टॉप पाचात गेलेलं आहे. म्हणजे त्याने 'दुर्मिळ' ही अट लावलीच नव्हती. १९७२ मधे ही गाणी जेमतेम पाच-सहा वर्षं जुनी होती पण लोक अल्बमवाल्या मोठ्या मोठ्या बँडमागे लागलेले, सिंगलवाल्या पोरांना कुणी विचारत नव्हतं, आणि हा माणूस म्हणाला थांबा, ही सगळी मिळून एक गोष्ट आहे. सुटी सुटी ऐकली तर 'ठीक आहे' वाटणारी गाणी एकाशेजारी एक ठेवली की त्यांचा एक मोहल्ला तयार होतो. मला कंपायलेशन आवडतं ते ह्यासाठी, गाण्याइतकाच निवडणाऱ्याचा कान ऐकायचा असतो. हुरड्याला कसं, शेतात कणसं तर सगळीकडे असतात पण कुठलं आत्ता कोवळं आहे हे भाजणाऱ्याच्या हातालाच कळतं, तसं.

निम्मा भरताड असतो हे मात्र शंभर टक्के मान्य. ब्रिटिशांची 'रबल' सिरीज, १९८४ पासून, वीस भाग, त्यातले पुढचे पुढचे भाग मी पुन्हा लावत नाही. 'फेडिंग येलो' जास्त हळवी आहे, ती मला आवडते, ती रात्रीची आहे. आणि अमेरिकन गोड हार्मनीसाठी ऱ्हायनो हँडमेड ह्या कंपनीने २००४ मधे वॉर्नर कंपनीच्या कपाटातून काढलेलं 'कम टु द सनशाईन'. जिनिंगवाले दादा तुम्ही ह्या तिन्हीतून एकेक भाग घ्या, जो दोनदा लावावासा वाटला त्या वाटेने जा, बाकी सोडा. वीस भाग पूर्ण करायची सक्ती नाही, हा काय लातूरचा क्रॅश कोर्स आहे का.

अंबाजोगाई_गांधार

मी हार्मोनियम आणि गायन शिकवते, इंग्रजी गाण्यांचा माझा अभ्यास नाही, मुलामुळे घरात वाजतात तेवढीच. पण काकांनी वाद्यांबद्दल लिहिलं आणि सुरांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

ह्या गाण्यांत एक स्वरजोड सारखी येते. सा-ग-प वर शुद्ध निषाद. पेटीवर काळी एकला सा धरून चारही एकदम दाबून बघा. सा-ग-प मधे सगळं मिटलेलं असतं, घरी आल्यासारखं, आणि वर नी आला की तो सा ला अगदी खेटून उभा राहतो पण पोचत नाही. त्यामुळे गोड पण वाटतं आणि काहीतरी राहिल्यासारखं पण. आनंदी गाणं ऐकूनही कसंनुसं होतं ना, ते ह्याचं काम. दुसरं म्हणजे वर चाल तिथेच घोटाळत असते आणि खालचा खर्ज एकेक सूर उतरत जातो. 'वॉक अवे रने' ऐका, सुरुवातीलाच खालचा सूर पायरी पायरीने उतरतो. प्रोकोल हॅरमच्या 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' मधेही ऑर्गनखाली तेच, त्यांनी ते बाख ह्या जुन्या जर्मन संगीतकाराकडून घेतलं.

सगळ्यात मजा 'प्रिटी बॅलेरिना' ची, त्याच लेफ्ट बँकचं, १९६७ ला गाजलेलं. ह्यात तीव्र मध्यम आहे आणि कोमल निषादही आहे. लेनर्ड बर्नस्टाइन म्हणजे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संचालक, त्यांनी त्याच वर्षी टीव्हीवर पॉपवर एक कार्यक्रम केला होता त्यात हे गाणं मुद्दाम घेऊन सांगितलं की ह्यात लिडियन (तीव्र मध्यमाचा) आणि मिक्सोलिडियन (कोमल निषादाचा) असे दोन मोड, म्हणजे थाटासारखे स्वरसंच, एकत्र आलेत. आपल्याकडे हे दोन सूर एकत्र म्हणजे वाचस्पती राग! माझ्या विद्यार्थिनींना मी आरोह-अवरोह करून दाखवला आणि मग गाणं लावलं, एकजण म्हणाली ताई हा कुणी कर्नाटकी शिकलेला आहे का. नाही गं, सतरा-अठरा वर्षांचा न्यूयॉर्कचा मुलगा, मायकल ब्राउन. वडील व्हायोलिनवादक, घरात सूर होतेच.

काकांना एक, मोझार्ट बरोक नव्हे. त्याच्या आधी बाख-हँडेल झाले ते बरोक.

गुलमंडीचे_काका

ताई मोझार्टचं राहू द्या हो, ह्या बरोक पॉपमधे तरी कुठे खरा बरोक आहे, हार्पसीकॉर्ड आलं की झालं बरोक. पण वाचस्पतीचं तुम्ही जे लिहिलंत ते मी पेटीवर लगेच वाजवून बघितलं. वा!

त्या मायकल ब्राउनचं अजून एक. 'वॉक अवे रने' रेकॉर्ड करताना तो सोळा वर्षांचा, आणि जिच्यावर गाणं लिहिलं ती मुलगी समोर कंट्रोल रूममधे बसलेली. ती मुळात बँडमधल्याच बास वाजवणाऱ्याची मैत्रीण. ह्याचे हात असे थरथरायला लागले की हार्पसीकॉर्ड वाजेचना, शेवटी नंतर येऊन एकट्याने वाजवलं. व्हायोलिन वडिलांचं. हे त्यानेच सांगून ठेवलंय. आता हे हिट गाणं आहे, खडूस म्हणतो तसं. पण ह्याच्यासारखी थरथरणारी अजून शे-दोनशे पोरं होती ज्यांचं गाणं पाचव्या नंबरला गेलं नाही, आणि त्यांचं कमी खरं होतं असं मला वाटत नाही. नंबर कशाने लागायचा? कंपनीने किती प्रती छापल्या, कुठल्या रेडिओवाल्याने वाजवलं, त्याच आठवड्यात दुसरं कुणाचं काय आलं. बिली निकल्सचा 'वुड यू बिलीव्ह' घ्या. १९६८, इमिजिएट कंपनी, प्रमोशनच्या थोड्या प्रती निघाल्या आणि अल्बम दुकानात आलाच नाही, कित्येक वर्षांनी बाहेर आला. लोकांनी नाकारला असं म्हणायला लोकांना मिळाला तरी पाहिजे ना.

झोंबीज तर बघ. 'ओडेसी अँड ऑरेकल', ॲबी रोडला १९६७ मधे रेकॉर्ड केला, बीटल्सनी स्टुडिओत ठेवलेलं मेलोट्रॉन वापरून (हे वाद्य म्हणजे प्रत्येक पट्टीखाली टेपचा तुकडा, दाबली की काही सेकंद बासरी किंवा व्हायोलिन वाजतं आणि टेप संपते). स्टिरिओ मिक्सिंगला कंपनी पैसे देईना तर बँडमधल्या दोघांनी खिशातून घातले. कव्हर काढणाऱ्याने ओडेसीचं स्पेलिंग चुकवलं ते तसंच छापलं. अल्बम १९६८ ला आला तोवर बँड फुटलेला. आणि १९६९ ला त्यातलं 'टाइम ऑफ द सीझन' अमेरिकेत तिसऱ्या नंबरला! गाणं तेच, वर्षभरापूर्वी पडलेलं.

उदगीरचा_खडूस

ताईंचं पटलं. पेटी नाही पण मोबाईलवर कीबोर्ड टाकून बघितलं तो नी वाला प्रकार, कसंतरी होतं खरं पोटात.

पण काका, झोंबीज हिट झाला म्हणजे माझाच मुद्दा आला की, चांगलं असलं तर वर येतंच, उशिरा का होईना.

आणि एक विचारायचं होतं, ह्या कंपायलेशनवाल्यांनी त्या गायब झालेल्या पोरांना पैसे दिले का कधी? का नुसतंच 'विसरलेली रत्नं' म्हणून आपण खिसा भरला?

जालन्याची_मोसंबी

वर आलेलंच तुला दिसतं ना दादा, न आलेलं मोजणार कसं :)

पैशाचं मात्र अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस. बऱ्याच जुन्या सिरीज परवानगी न घेताच निघाल्या, मास्टर टेप (मूळ रेकॉर्डिंगची टेप) कुणाकडे तेच माहीत नसायचं, मग कुणाच्या तरी घरच्या रेकॉर्डवरूनच गाणं उतरवायचं. म्हणून काही गाण्यांत चरचर ऐकू येते, ती मुद्दाम घातलेली नाही. ऱ्हायनोसारख्यांनी रीतसर हक्क घेऊन काढली. टेप खरंच नष्ट पण होतात, २००८ मधे युनिव्हर्सलच्या हॉलिवूडच्या गोदामाला आग लागली त्यात किती मास्टर गेले ते २०१९ मधे न्यूयॉर्क टाइम्सने छापेपर्यंत बाहेर कुणाला धड माहीत नव्हतं. मग वाटतं की चोरून का होईना कुणीतरी उतरवून ठेवलं म्हणून निदान ऐकायला आहे. पण वाजवणाऱ्याला पैसे मिळालेच पाहिजेत, ह्यात दोन मतं नाहीत. मी विकत घेताना आत कलाकारांच्या मुलाखती, नीट माहिती असलेलं घेते, म्हणजे निदान कुणीतरी त्या माणसाला जाऊन भेटलाय एवढं कळतं.

जपानमधलं पण सांगायचं राहिलं. रॉजर निकल्स अँड द स्मॉल सर्कल ऑफ फ्रेंड्स, १९६८, अमेरिकेत काही चाललं नाही. जपानी पोरांनी नंतर डोक्यावर घेतलं. तोच निकल्स, १९७० मधे एका बँकेच्या टीव्ही जाहिरातीला त्याने चाल दिली, पॉल विल्यम्सने शब्द, आणि ती कार्पेंटर्सनी ऐकून रेकॉर्ड केली, 'वीव्ह ओन्ली जस्ट बिगन'. बँकेची जिंगल!! काका तुमच्या बँकेने असलं काही केलं का कधी?

जिनिंगवाला_परभणी

बापरे एवढे रिप्लाय. ताईंचं वाचस्पतीचं आमच्या मित्राला वाचून दाखवलं, तो गप झाला, भजनात पेटी वाजवतो तो.

खडूस भाऊ तुमचं टोचलं पण पटलं पण. मी आता असं ठरवलंय की नाव न बघता ऐकायचं, बँड कोण, किती प्रती निघाल्या काही वाचायचं नाही, आणि आवडलं तरच मग बघायचं. काल तसंच केलं तर एक लई आवडलं, लहान पोरांचा कोरस आहे, कुणीतरी ग्रोसर जॅक म्हणून म्हातारा किराणावाला. बघितलं तर कीथ वेस्ट, 'एक्सर्प्ट फ्रॉम अ टीनेज ऑपेरा', आणि ते ब्रिटनमधे दुसऱ्या नंबरला गेलेलं निघालं १९६७ ला. म्हणजे माझा कान हिटचाच म्हणायचा का आता?

त्यावर लिहिलंय ऑपेरातला तुकडा, तर पूर्ण ऑपेरा कुठं मिळंल? आणि आपल्या भारतातल्या बँडनी त्या काळी असलं काही केलं होतं का?

गुलमंडीचे_काका

ऑपेरा पुरा झालाच नाही. मार्क विर्ट्झ म्हणून निर्माता होता, त्याच्या डोक्यात सगळं होतं. पुढचा तुकडा 'सॅम' काढला, तो फारसा चालला नाही, कंपनीने हात काढून घेतला. लोक कितीतरी वर्षं उरलेल्या भागाची वाट बघत होते.

भारतातलं म्हणशील तर 'सिमला बीट'. इंपीरियल टोबॅकोने आपल्या सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी देशभरच्या बँडच्या स्पर्धा घेतल्या आणि १९७० आणि ७१ च्या दोन एलपी काढल्या. मद्रासचे कन्फ्युजन्स, बंगळूरचे डायनोसॉर्स, शिलाँगचे फेंटोन्स. सॉफ्ट नाहीये ते, जास्त खरखरीत गिटारवालं आहे, गॅरेज म्हणतात तसलं. पण ह्या दोन एलपी आज परदेशात चढ्या भावाने जातात आणि तिकडेच पुन्हा छापल्या गेल्या. मऊ आणि वाद्यवृंदवालं हवं असेल तर आनंद शंकरचा १९७० चा अल्बम ऐक, सतार आणि मूग सिंथेसायझर (इलेक्ट्रॉनिक वाद्य) एकत्र. शंकर-जयकिशनचं 'रागा जॅझ स्टाइल' पण, १९६८, सतारीला रईस खान. हे मला हैदराबादला अबिड्सच्या रविवारच्या बाजारात पुस्तकांच्या ढिगाखाली सापडलं होतं, पण ह्याला दुर्मिळ म्हणू नकोस, मोबाईलवर आहे.

अंबाजोगाई_गांधार

जिनिंगवाले दादा, एक साधी गोष्ट विचारते, तुम्ही एकाच कानात इअरफोन घालून ऐकता का? काट्यावर काम म्हणजे दुसरा कान मोकळा लागत असेल. ह्या काळातल्या स्टिरिओत बऱ्याचदा गाणारे सगळे एका बाजूला आणि ड्रम-बास दुसऱ्या बाजूला असतात, माझ्या मुलानेच मला दाखवलं. एकाच कानाने ऐकाल तर अर्धं गाणं जातं.

जिनिंगवाला_परभणी

अहो ताई हो!! एकच घालतो. तरीच काही गाण्यांत नुसतेच ढोल वाजायलेत आणि माणूस लांब विहिरीतून बोलल्यासारखा, मला वाटायलं हेच ते सायकेडेलिक.

जालन्याची_मोसंबी

😂😂 फोनच्या सेटिंगमधे ॲक्सेसिबिलिटीत जा, तिथे मोनो ऑडिओ आहे, ते चालू करा, दोन्ही बाजू एकाच कानात येतील. त्यातल्या कितीतरी सिंगल मुळात मोनोतच निघाल्या होत्या त्यामुळे बिघडत काही नाही. करून बघा आणि ती ढोलवाली गाणी परत लावा, कुठली कुठली बदलली ते इथे लिहा.